भुसारी कॉलनी ते खराडी: वीस किलोमीटरचा कार्बन हिशेब

प्रकरण असं आहे. कोथरूडच्या भुसारी कॉलनीत राहणारा माणूस खराडीच्या ईऑन आयटी पार्कमध्ये नोकरीला जातो. एका बाजूचं अंतर सुमारे २० किलोमीटर. पौड रस्ता, नळस्टॉप, डेक्कन, बंडगार्डन, येरवडा आणि पुढे नगर रस्ता. आज तो ११० सीसीच्या पेट्रोल स्कूटरवर, एकटाच जातो. उद्या त्याने स्कूटर वनाज स्थानकापाशी लावली, मेट्रोने रामवाडी गाठली आणि तिथून रिक्षा केली, तर हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड किती कमी होईल?

‘निम्म्याहून जास्त’ हे उत्तर पटकन तोंडी येतं. हिशेब मांडला की ते टिकत नाही, आणि कुठे टिकत नाही हे पाहिलं की पुण्यात नेमकं काय करायला हवं तेही कळतं.

आधी हिशेबाला घेतलेले आकडे सांगून टाकू, म्हणजे कोणाला ते बदलून पाहता येतील. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, एक किलो सीएनजी जळला की २.७५ किलो. ग्रीडच्या एका युनिट विजेमागे ०.७२ किलो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जाहीर केलेली अलीकडच्या वर्षांची देशाची सरासरी याच आसपास आहे. स्कूटरचं शहरातलं मायलेज ४२ किलोमीटर धरलं आहे. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा इथे कामाचा नाही, कारण कर्वे रस्त्याचे सिग्नल जाहिरातीत नसतात.

या आकड्यांनी स्कूटरचं उत्सर्जन येतं किलोमीटरमागे ५५ ग्रॅम, २० किलोमीटरला १.१ किलो. पेट्रोल कार एकट्याने नेली आणि ती लिटरला १२ किलोमीटर धावली, तर त्याच अंतराला ३.८ किलो.

सगळी मेख या दोन आकड्यांत आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या फायद्याची जी गणितं आपण वाचतो, ती बहुधा कारवाल्या शहरांची असतात. समोर कार असेल तर बस आणि मेट्रो सहज जिंकतात. पुण्यात समोर स्कूटर आहे, आणि ती इंधनाच्या बाबतीत फार काटकसरी आहे. किलोमीटरला एक किलो सोडणाऱ्या बसला एकट्या कारवाल्याची बरोबरी करायला सरासरी पाच-सहा प्रवासी पुरतात. स्कूटरवाल्याची बरोबरी करायची तर अठरा-एकोणीस लागतात, आणि स्कूटरवर मागे कोणी बसलं असेल तर त्याच्या दुप्पट. हे प्रवासी गर्दीच्या एका फेरीतले नव्हेत. पहाटेची रिकामी फेरी, दुपारची अर्धी फेरी आणि आगारातून सुरुवातीच्या थांब्यापर्यंतचं मोकळं अंतर धरून काढलेली ती सरासरी असायला हवी.

मेट्रोचे पंधरा किलोमीटर

वनाज ते रामवाडी ही अॅक्वा मार्गिका, सुमारे १५ किलोमीटर, १६ स्थानकं. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे कॉलेज हा पहिला टप्पा सुरू झाला, १ ऑगस्ट २०२३ रोजी ती रूबी हॉलपर्यंत आली आणि ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीला पोचली. पूर्ण मार्ग उन्नत आहे. कार्बनच्या दृष्टीने ही जमेची बाजू, कारण जमिनीखालच्या स्थानकांना दिवसभर वायुवीजन आणि वातानुकूलन चालवावं लागतं. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट या भुयारी टप्प्याचा स्थानकांचा वीजखर्च त्यामुळे वेगळाच धरायला हवा.

तीन डब्यांच्या गाडीला एका किलोमीटरला ओढण्यासाठी आणि डब्यातल्या एसीसाठी मिळून ७ युनिट धरू. ब्रेक लावताना मोटार जनित्र होते आणि काही वीज ओव्हरहेड तारेत परत जाते, ती वजा करून हा आकडा घेतला आहे. सरकते जिने, लिफ्ट, दिवे आणि सिग्नल यंत्रणा यांच्यासाठी त्यावर निम्मी वीज आणखी धरू. एकूण साडेदहा युनिट. दिवसभराची सरासरी गाडीत १५० माणसं असतील, तर एका प्रवाशाच्या वाट्याला किलोमीटरमागे ५० ग्रॅम येतात. ३०० असतील तर २५.

म्हणजे दीडशे प्रवाशांच्या सरासरीवर मेट्रो आणि स्कूटर जवळजवळ बरोबरीत. डबे तेच, वीज तीच. तिनशेवर गेलं की मात्र मेट्रोचा आकडा स्कूटरच्या निम्म्याहून खाली येतो. एका गाडीची क्षमता नऊशेहून अधिक आहे, त्यामुळे तिनशेची सरासरी अशक्य नाही, पण त्यासाठी दुपारी आणि उलट्या दिशेलाही डबे बऱ्यापैकी भरलेले हवेत. स्थानकांच्या छपरांवरचे सौर पॅनेल आकडा थोडा खाली आणतात, तरी निकाल प्रवासीसंख्येवरच लागतो.

घोडं अडतं रामवाडीला

रामवाडी स्थानक ते ईऑन, सुमारे ६ किलोमीटर. रिक्षा एक किलो सीएनजीत ३० किलोमीटर जाते असं धरलं तर किलोमीटरमागे ९२ ग्रॅम. पण रिक्षा प्रवासी सोडून पुढचा मिळेपर्यंत मोकळी फिरते. तिच्या एकूण अंतराचा एक तृतीयांश भाग मोकळा असेल, तर भाड्याच्या प्रत्येक किलोमीटरवर दीडपट, म्हणजे १३८ ग्रॅम पडतात. सहा किलोमीटरला ०.८३ किलो.

आता बेरीज करू. घरापासून वनाज दीड किलोमीटर स्कूटरने, ०.०८. मेट्रो दीडशेच्या सरासरीने ०.७५, तिनशेच्या सरासरीने ०.३८. रिक्षा ०.८३. एकूण १.६६ किंवा १.२९ किलो. दोन्ही आकडे स्कूटरच्या १.१ पेक्षा जास्त आहेत. प्रवासाच्या अंतरात रिक्षाचा वाटा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त, कार्बनमध्ये मात्र निम्मा किंवा त्याहून मोठा.

खिशाचं गणितही याच जागी बिघडतं. वनाज ते रामवाडी मेट्रोचं तिकीट ३० रुपये. रिक्षाचा सप्टेंबर २०२२ पासूनचा मीटरदर पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये, म्हणजे सहा किलोमीटरला १०१. एकूण १३१. स्कूटरला त्याच अंतरासाठी जेमतेम अर्धा लिटर पेट्रोल, पन्नास रुपयांच्या आसपास. लोक मेट्रोकडे वळत नाहीत म्हणून पुणेकरांच्या सवयींवर खापर फोडण्याआधी ही बेरीज पाहावी. रिक्षाच्या जागी पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, बस घेतली, तर जून २०२५ च्या दरांनुसार पाच ते दहा किलोमीटरला २० रुपये. ३० आणि २० मिळून ५०, म्हणजे बरोबर स्कूटरचा खर्च. अधूनमधून कोसळणारा पाऊस आणि पार्किंगचा शोध हिशेबात घेतला तर पारडं मेट्रोकडे झुकतं.

सरासरीचा हिशेब आणि जादा प्रवाशाचा हिशेब

वरची मांडणी सरासरीची आहे: एकूण उत्सर्जन भागिले प्रवासी. वार्षिक अहवालाला ती लागतेच. निर्णय घेताना मात्र दुसरा प्रश्न विचारायला हवा. हा माणूस आल्यामुळे हवेत नवं काय गेलं?

मेट्रो तो आला नसता तरी धावणारच होती. सव्वाशे टनांच्या आसपासच्या गाडीत एक माणूस वाढला तर वीज नावापुरती वाढते. बसचंही तसंच. रिक्षाचं तसं नाही. ती त्याच्यासाठीच निघाली आणि त्याच्यासाठीच मोकळी फिरली. स्कूटरही त्याच्यासाठीच सुरू झाली. या हिशेबात स्कूटरचा पूर्ण प्रवास १.१ किलो, मेट्रो आणि रिक्षा ०.९१, मेट्रो आणि बस ०.०८. रिक्षा घेतली तर बचत जेमतेम २०० ग्रॅम, बस घेतली तर एक किलो. वर्षाला २४० दिवस, दोन्ही वेळा, म्हणजे माणशी जवळपास ४९० किलो.

दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी बोट ठेवतात, म्हणून या प्रकरणात त्यांच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वाद घालायचाच तर प्रवासी आधी कशाने जात होता यावर घालावा. तो आधी पीएमपीने जात असेल आणि आता मेट्रो व रिक्षा वापरत असेल, तर मोकळी झालेली जागा घेऊन बस तशीच धावते आहे आणि रिक्षाचे ८३० ग्रॅम नव्याने भर पडले आहेत. मेट्रोतल्या प्रत्येक प्रवाशाला ‘रस्त्यावरून हटलेलं वाहन’ समजणारी पत्रकं इथेच फसतात. दिल्ली मेट्रोने संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत कार्बन क्रेडिट मिळवली, तेव्हा तिथल्या पद्धतीत मेट्रो नसती तर कसे आला असता हे प्रवाशांना विचारणं आवश्यक होतं. पुण्याच्या हिशेबातही त्या प्रश्नाला पर्याय नाही. घरी राहिलेली स्कूटर दिवसभर मुलगा किंवा सून वापरते का, हे विचारलं तर आणखी बरं.

एक अडचणीचा आकडाही मांडायला हवा. इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला ३० वॉट-तास खाते. चार्जर आणि तारांमधली गळती धरून ग्रीडवर साधारण ३९ वॉट-तासांचा भार येतो, म्हणजे २८ ग्रॅम. वीस किलोमीटरला ०.५६ किलो. सरासरीच्या हिशेबात ती अर्ध्या रिकाम्या मेट्रोला आणि बसला मागे टाकते. हे नाकारण्यात हशील नाही. पण तीही नगर रस्त्यावर तेवढीच जागा अडवते, आणि तिच्यामागे अडकलेली बस पहिल्या गिअरमध्ये गॅस जाळत राहते. बसमधल्या चाळीस जणांना वेगवेगळ्या स्कूटरवर बसवलं तर रस्त्याचं काय होतं, ते संध्याकाळी सहा वाजता विमाननगर चौकात दिसतं.

सीएनजी की बॅटरी: गाजलेला, पण दुय्यम प्रश्न

पीएमपीत इलेक्ट्रिक बस फेब्रुवारी २०१९ पासून आहेत. पहिल्या २५ गाड्या नऊ मीटरच्या होत्या, भेकराईनगर आणि निगडी आगारांतून सुटायच्या. बारा मीटरच्या पुढे आल्या. डिझेल जाऊन सीएनजी आणि वीज राहिली.

बारा मीटरची सीएनजी बस किलोला २.७ किलोमीटर गेली तर उत्सर्जन १.०२ किलो. वातानुकूलित ई-बस किलोमीटरला १.२ युनिट घेते. चार्जिंग आणि पारेषणातली गळती धरून १.४ युनिट, म्हणजे १.०१ किलो. आजच्या ग्रीडवर दोन्ही बरोबरीत! सीएनजीच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. न जळलेला मिथेन गळतो, आणि शंभर वर्षांच्या मापात तो कार्बन डायऑक्साइडच्या तीसपट तापवतो. एक टक्का गळतीसुद्धा सीएनजीच्या आकड्यात दहा टक्क्यांहून जास्त भर घालते. शिवाय ई-बसचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, आणि तेवढ्या काळात ग्रीड स्वच्छ होत गेला की तीच बस आपोआप कमी उत्सर्जन करते. सीएनजी बसला ही सवलत नाही. धूर आणि आवाजाचा फायदा तर पहिल्या दिवसापासूनच आहे.

तेव्हा ई-बस घ्याव्यातच. रात्री आगारात पूर्ण चार्ज आणि दुपारच्या खंडात, म्हणजे ग्रीडवर सूर्याची वीज भरपूर असताना, तासाभराची भर असं वेळापत्रक बसवलं तर खऱ्या उत्सर्जनात आणखी फरक पडतो. पण बॅटरीच्या बसमध्ये बारा माणसं आणि सीएनजीच्या बसमध्ये पस्तीस असतील, तर सीएनजीची बस माणशी जवळपास तिपटीने हलकी पडते. आधी भरायची ती बस, मग बदलायचं ते इंधन.

फीडर कसा चालवायचा

फीडर म्हणजे स्थानक ते कार्यालय अशी ने-आण करणारी बस. रामवाडी–ईऑन–रामवाडी हा तिचा बारा किलोमीटरचा फेरा. गर्दीच्या वेळी ताशी १५ किलोमीटर वेग धरला तर ४८ मिनिटं, दोन्ही टोकांना मिळून १२ मिनिटं थांबा, म्हणजे एक तास. दर दहा मिनिटांनी बस हवी तर सहा गाड्या लागतील आणि सातवी राखीव. पीएमपीच्या ‘पुण्यदशम’ सेवेसाठी आणल्या होत्या तशा सात मीटरच्या मिडी बस इथे शोभतात. सकाळी प्रवासी एकाच दिशेचे असतात. म्हणून किलोमीटरला अर्धा किलो धरून पूर्ण फेऱ्याचे सहा किलो उत्सर्जन जाणाऱ्यांच्याच माथी लावावं. बसमध्ये २५ जण असतील तर माणशी ०.२४ किलो, १२ असतील तर ०.५. दीडशेच्या सरासरीची मेट्रो आणि बाराजणांचा फीडर मिळून स्कूटरला मागे टाकत नाहीत, हे लक्षात ठेवावं. वनाजला चालत जाणाऱ्याचे ८० ग्रॅम वाचतात. थंड इंजिनाची स्कूटर दीड किलोमीटरला प्रत्यक्षात याहून जास्तच सोडते.

फीडर फसतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी. पहिलं, थांबा. जिना जिथे उतरतो तिथेच, खराडीच्या बाजूला बस उभी हवी. दोनशे मीटर पुढे असली तर वाटेत रिक्षावाला गाठतोच. संध्याकाळी उतरणाऱ्याला नगर रस्ता ओलांडावा लागू नये, स्थानकाच्या पुलावरूनच पलीकडे जाता यावं.

दुसरं, बसची जोडी. एका बसला सिग्नल लागला की तिच्या पुढच्या थांब्यावर लोक साचतात. चढ-उतार वाढतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला लोकच मिळत नाहीत म्हणून ती पुढे सरकते आणि थोड्या वेळाने दोघी पाठोपाठ धावतात. कागदावर दहा मिनिटांनी बस आहे, रस्त्यावर वीस मिनिटांनी दोन. सरासरी प्रतीक्षा पाचवरून दहा मिनिटांवर जाते, पुढची बस खचाखच भरते, मागची रिकामी. इतक्या दाट फेऱ्यांना घड्याळाचं वेळापत्रक लावू नये, अंतर लावावं: आधीची बस सुटून दहा मिनिटं झाली की पुढची सोडायची, मग तिची ठरलेली वेळ कोणतीही असो. रामवाडीला शिट्टी आणि मोबाइल असलेला एक नियंत्रक एवढं करू शकतो. ठरलेल्या वेळेला गाडी सुटली नाही म्हणून चालकाला दंड होणार नाही, एवढी व्यवस्था मात्र आधी करावी लागेल, नाहीतर तो नियंत्रकाचं ऐकणार नाही.

तिसरं, वेळ. वनाजपर्यंत आठ मिनिटं, फलाटावर तीन, मेट्रोत तेहतीस, उतरून थांब्यापर्यंत चार, प्रतीक्षा पाच, बसमध्ये चोवीस. सत्त्याहत्तर मिनिटं. स्कूटरला गर्दीत तासभर. या सतरा मिनिटांच्या बदल्यात माणूस बसून वाचतो, झोपतो, फोनवर बोलतो, म्हणून तो तयार होतो. प्रतीक्षा पाचाची दहा आणि तीही रोज वेगळी झाली, की दुसऱ्या आठवड्यात स्कूटर पुन्हा बाहेर येते.

यावर स्वतंत्र बसमार्गिका हा खरा इलाज. ताशी १५ चा वेग २० वर गेला की १२ किलोमीटरला ३६ मिनिटं लागतात, फेरा ४८ मिनिटांचा होतो आणि त्याच सहा गाड्या आठ मिनिटांनी धावतात. एकही गाडी न वाढवता पाव हिस्सा जादा फेऱ्या. नगर रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखून ठेवलेली मार्गिका, होती. २०२३ च्या अखेरीस तिचा येरवडा–विमाननगर पट्टा काढून टाकला. मोटारींना जागा मिळाली, बसची गेली.

कंपनीच्या कागदावर

शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या बीआरएसआर चौकटीत शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. कर्मचाऱ्यांचा येण्या-जाण्याचा प्रवास ‘स्कोप ३’ मध्ये, म्हणजे कंपनीच्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात, मोडतो. खराडीतल्या कार्यालयांत हा आकडा बहुधा एका प्रश्नाच्या पाहणीतून निघतो: ‘कसे येता?’ उत्तर ‘मेट्रो’, नोंद शून्य. रिक्षाचे ८३० ग्रॅम कुठेच नाहीत. वरून उत्सर्जनाचे गुणक परदेशी तक्त्यांतले, जिथली वीजही वेगळी आणि बसमधली गर्दीही वेगळी.

प्रवासाचा प्रत्येक तुकडा, त्याचं वाहन आणि त्यात सोबत किती जण, एवढं विचारलं की पुरे. गेल्या पाच कामाच्या दिवसांत काय केलं ते विचारावं, ‘सहसा’ काय करता ते नको. पार्किंगच्या गेटवरची रोजची नोंद शेजारी ठेवून पडताळावं, कारण पाहणीत मेट्रोवाले नेहमीच जरा जास्त निघतात.

खर्चाचा मुद्दा यात लहान आहे. फीडरचं रोजचं दोन वेळचं तिकीट कंपनीने भरलं, तर बावीस दिवसांचे माणशी ८८० रुपये. तीन जणांनी वाटून केलेल्या शेअर रिक्षाचं उत्सर्जनही माणशी पाव किलोच्या आसपास येतं, तेव्हा बस सुरू होईपर्यंत तोही मार्ग चालतो. रामवाडीला शेअर रिक्षांसाठी आखलेली जागा आणि ठरलेलं भाडं एवढंच त्याला लागतं.

पुढची काही वर्षं

२५ जून २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वनाज–चांदणी चौक आणि रामवाडी–वाघोली या विस्तारांना मंजुरी दिली: १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, सुमारे ३,६२६ कोटी रुपये. मेट्रो खराडी बायपासपर्यंत आली की ईऑनचं उरलेलं अंतर निम्म्याहून खाली येईल. तेव्हा एकट्याने रिक्षा केली तरी ती ३०० ग्रॅमच्या आसपास राहील आणि स्कूटरशी तुलनेचं चित्र पालटेल.

पण मंजुरीपासून पहिल्या गाडीपर्यंतच्या काळात नगर रस्त्यावर खांब उभे राहतील आणि बॅरिकेडमुळे दोन्ही बाजूंची एकेक मार्गिका जाईल. फीडरचा फेरा एका तासाचा ऐंशी मिनिटांचा झाला, तर सहा गाड्यांत दहाऐवजी सव्वातेरा मिनिटांची वारंवारता उरेल. दहा मिनिटं राखायची तर आठ गाड्या लागतील, राखीव धरून नऊ. पायाभरणीच्या निविदेतच या जादा गाड्यांच्या भाड्याची तरतूद करता येते, आणि ती बॅरिकेड लागण्याआधी करायला हवी. एकदा स्कूटरवर परतलेला प्रवासी स्थानक उघडेपर्यंत फिरकत नाही.